रॅथक्रोहन पाहावे कसे

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातील रॅथक्रोहन हे कॉनॉक्ट प्रांताची प्राचीन राजधानी मानले जाते. मात्र कथा ठाऊक नसेल तर तेथे केवळ गवताळ उंचवटे दिसतात, म्हणून आधी टल्स्क गावातील माहिती केंद्रात जावे.

तेथून मुख्य टेकाडावर चढून दंतकथेतील कॉनॉक्टची राणी मेव्ह आणि तिचा पती आलिल यांचा संपत्तीवरील वाद आठवावा. दोघांची मालमत्ता तंतोतंत सारखी भरली, अपवाद फक्त फिनबेनाख या पांढऱ्या शिंगांच्या बैलाचा. तो जन्मला मेव्हच्याच कळपात, परंतु स्त्रीची मालकी नको म्हणून आलिलकडे गेला. (बैलाचा हा अहंकार पुढे किती जणांना भोवला!) त्याच्या तोडीचा तपकिरी बैल मिळवण्यासाठी मेव्हने शेजारच्या अल्स्टर प्रांतावर स्वारी केली. दोन्ही बैलांची अखेरची झुंज जिथे झाली असे मानतात, ते रॅथनाडार्व्ह हे वर्तुळाकार मातीचे कडे अवश्य पाहावे.

ओवेनागॅट, म्हणजे मांजरांची गुहा, शेवटी ठेवावी. कथेत अल्स्टरच्या तीन वीरांवर सोडलेली तीन रानमांजरे हिच्यातूनच आली. युद्धदेवता मॉरिगनचे निवासस्थानही हेच. प्रवेशद्वारावरील आडव्या दगडावर ओगम या प्राचीन आयरिश लिपीत मेव्हच्या नावाशी जोडला जाणारा लेख आहे, तो आत शिरताना न्याहाळावा. आत रांगत जावे लागते आणि चिखल असतो. तेव्हा जुने कपडे, विजेरी आणि स्थानिक मार्गदर्शक बरोबर असावा, कारण गुहा खासगी जमिनीत आहे.