किंग्ज इंडियन: काळ्या मोहऱ्यांनी राजावर हल्ला कसा चढवावा

बुद्धिबळात पांढऱ्याने डी४ खेळल्यावर बरोबरीवर समाधान मानायचे नसेल, तर किंग्ज इंडियन या काळ्याच्या बचावातील मार देल प्लाता हा प्रकार शिकावा. १९५३ साली अर्जेंटिनातील त्याच नावाच्या शहरात ग्रँडमास्टर ग्लिगोरिच यांनी काळ्या मोहऱ्यांनी ग्रँडमास्टर नायदोर्फ यांना याच मार्गाने हरवले होते.

चाली अशा (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; नुसते घर म्हणजे प्याद्याची चाल): १. डी४ घोडा एफ६, २. सी४ जी६, ३. घोडा सी३ उंट जी७, ४. ई४ डी६, ५. घोडा एफ३ किल्लेकोट, ६. उंट ई२ ई५, ७. किल्लेकोट घोडा सी६, ८. डी५ घोडा ई७, ९. घोडा ई१ घोडा डी७, १०. उंट ई३ एफ५, ११. एफ३ एफ४, १२. उंट एफ२ जी५. इथवर पाठांतर पुरते.

खरी अडचण तेराव्या चालीपासून सुरू होते. जळगाव-धुळ्याच्या स्पर्धांत मुले इथे लगेच जी४ रेटतात, कारण ‘प्यादी पळव, मात होतेच’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. हा सल्ला साफ चुकीचा आहे. जी४ला पुरेसा आधार नसेल, तर पांढरा एफ३चे प्यादे वापरून ते मारतो, ई२चा उंट त्या घरावर नजर ठेवतो आणि हल्ला जागीच थिजतो. घड पोसलेली केळी टेकूविना रावेरच्या वादळात सोडण्यासारखेच हे आहे.

म्हणून आधी घोडा जी६वर व दुसरा एफ६वर आणावा, मग हत्ती एफ७वर आणि उंट एफ८वर न्यावा. पांढरा सी५ खेळून डी६ व सी७ या घरांवर तुटून पडणार हे ठरलेलेच असते. एफ८चा उंट डी६ राखतो, हत्ती सातव्या ओळीवरून सी७ सांभाळतो आणि पुढे जी७वर जाऊन हल्ल्यात उतरतो. त्यानंतर बहुधा एच५ आणि मगच जी४. हत्ती एफ७ व उंट एफ८ या दोन चाली भित्र्या वाटतात, म्हणून शिकणारे त्या टाळतात. मलाही त्यांचे मोल फार उशिरा उमगले.

सी८चा उंट मात्र जागेवरून हलवू नये आणि त्याची मारामारी (अदलाबदल) तर मुळीच करू नये. जी४ला तोच आधार देतो, आणि पांढऱ्याने एच३ खेळल्यास तिथे बळी जाऊन राजाचे छप्पर उडवणारे मोहरेही तेच. अनुभवी पांढरा घोडा बी५वरून ए७चे प्यादे मारून याच उंटाला टिपू पाहतो, तेव्हा घोडा बी५वर आला की ए६ किंवा बी६चा विचार आधी करावा.

पांढऱ्याने जी४ मारले नाही, तर जी३ खेळून प्यादे अर्पण करावे. ग्लिगोरिच यांनी तेच केले होते. तोवर वजीरपक्षाची (पटाच्या वजिराकडील बाजूची) एकदोन प्यादी गेली तरी मोजत बसू नये.

नवव्या चालीला पांढऱ्याने बी४ खेळल्यास घोडा एच५ खेळावा.