खत घालून झाड मारू नका: नापीक जमिनीतली झाडं पुण्यात वाढवताना या चुका टाळा

ग्रेव्हिलिया, बँक्सियासारखी ऑस्ट्रेलियन झाडं किंवा दवबिंदूसारखी कीटकभक्षी वनस्पती पुण्यातल्या गच्चीवर दगावते ती बहुतेक वेळा लाडाने. नवं रोप आलं की मूठभर बोनमील, दोन मुठी शेणखत आणि वर थोडं डीएपी, हा आपला रिवाज. गुलाबाला तो मानवतो, या झाडांना मात्र घातक ठरतो.

कारण त्यांच्या मूळ जमिनीत आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातले बरेच खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. गेल्या सुमारे 25 कोटी वर्षांत तिथे हिमनद्यांनी खडक दळून नवी माती केली नाही. पाऊस तेवढा जुनी माती धूत राहिला. स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ संपलं. उरलंसुरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला घट्ट चिकटून बसलं. ते सोडवण्यासाठी बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हाकिया यांच्या मुळांना बारीक उपमुळांचे दाट झुपके फुटतात. हे झुपके जेमतेम काही आठवडे जगतात, पण तेवढ्यात सायट्रेटसारखी आम्लं सोडून स्फुरद मोकळं करतात आणि शोषून घेतात. तिथे जास्तीचं स्फुरद कधी मिळालंच नाही, म्हणून यातल्या बऱ्याच जातींना शोषण पुरेसं आवरता येत नाही. खताच्या मोजमापात (P₂O₅ धरून) डीएपीत स्फुरद 46 टक्के असतं. झाड ते घेत सुटतं, आणि ते पानांत साठून पानं जळतात.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. जुन्या पानांच्या कडा तपकिरी-काळ्या होतात, कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाहून आणखी खत घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भरपूर पाणी सोडून स्फुरद धुऊन जाईल असंही समजू नका, ते मातीला धरून राहतं. कुंडीतला वरचा 5 सेंटिमीटर थर दाण्यांसकट काढा किंवा मुळांचा गोळा न फोडता झाड नव्या मिश्रणात लावा: दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू, एक भाग धुतलेलं कोकोपीट. काळी माती अजिबात नको. तिच्यातल्या चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं त्यानेही पिवळी पडतात. पहिलं वर्ष खत नाहीच. पुढे सगळं झाड फिकट दिसलं, तर 12 इंची कुंडीला 2 ग्रॅम अमोनियम सल्फेट एक लिटर पाण्यात विरघळवून द्या.

दर आठवड्याला खुरपणी करू नका. झुपक्यांची मुळं वरच्या थरातच असतात, खुरप्याने ती तुटतात. वाळक्या पानांचं आच्छादन पुरे. मायकोरायझाची, म्हणजे मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशीची पावडरही विकत घेऊ नका, या कुळातली बहुतेक झाडं त्या बुरशीशी भागीदारी करतच नाहीत.

जात निवडतानाही चूक होते. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या बँक्सियाची मुळं पुण्याच्या उबदार, ओल्या जुलै-ऑगस्टमध्ये कुजतात. त्यापेक्षा पूर्व किनाऱ्यावरची, उन्हाळी पावसाची सवय असलेली ग्रेव्हिलिया बँक्सी घ्या. आपल्या रस्त्यांवरचा सिल्व्हर ओकही ग्रेव्हिलियाच, आणि तिकडचाच.

दवबिंदू आणि सीतेची आसवं (हीही कीटकभक्षी) मात्र आपल्याच सड्यावरची, म्हणजे सह्याद्रीतल्या उघड्या कातळपठारावरची. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा जांभा बेसाल्टपासून बनला. पावसाने सिलिका, कॅल्शियम, पालाश वाहून नेलं, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. तिथे नत्राची चणचण, म्हणून ही झाडं किडे पकडतात. पश्चिम घाटाचा हा भाग 2012 पासून जागतिक वारसा आहे. तिथून एकही रोप उपटून आणू नका. लागवड करणाऱ्यांकडून बी घ्या.

दवबिंदूच्या बाबतीत घोटाळा मुख्यतः पाण्याचा. बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांना सोसत नाहीत. टीडीएस मीटरवर 50 पीपीएमपेक्षा कमी असेल तेच पाणी द्या. पावसाचं साठवलेलं सर्वांत चांगलं. मातीवर पांढरी पुटं दिसली तर क्षार साचलेत असं समजा आणि मिश्रण बदला. पीट मॉस आणि सिलिका वाळू निम्मी-निम्मी घ्या. बांधकामाची क्रश सँड म्हणजे बेसाल्टचा चुरा, ती वापरू नका. सिमेंटची कुंडी चुना सोडते, मातीच्या कुंडीत क्षार साठतात; प्लास्टिकची घ्या आणि ताटलीत 1-2 सेंटिमीटर पाणी ठेवा. पानांवरचे चिकट थेंब नाहीसे झाले, तर आधी ऊन तपासा: रोज 4-5 तास हवं. एप्रिलच्या कोरड्या हवेतही थेंब आटतात, तेव्हा दुपारपुरती सावली करा. मांसाचे तुकडे घालू नका, ते सडतात आणि पान काळं पडतं.

आणखी एक. आपल्याकडच्या दवबिंदूंपैकी ड्रोसेरा इंडिका वर्षायू आहे. पावसाळा सरल्यावर बी धरून तो वाळतो, तेव्हा मेला म्हणून कुंडी ओतून टाकू नका. ती तशीच कोरडी, उन्हात ठेवा आणि जूनमध्ये पहिल्या पावसाखाली मांडा. बी पृष्ठभागावरच असतं, त्यावर नवी माती पसरू नका.