ग्राहक आयोगात तक्रार लिहिताना

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक तक्रारीचे मसुदे घेऊन येतात. सुरुवात ठरलेली: ‘सामनेवाल्यांनी माझी घोर फसवणूक करून...’ (सामनेवाले म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते.) तो परिच्छेद मी आधी खोडतो. आयोगाला तुमचा संताप नको, तारखा हव्यात.

काही जण लघुवाद न्यायालयात जायला निघतात. मुंबई-पुण्यात तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात. बिघडलेल्या फ्रीजसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग गाठा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी कुठलीही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूसाठी मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मात्र यायला हवं. वकील लागतोच असं नाही.

आता हकिगत. ती अशी लिहा (निशाणी म्हणजे जोडलेल्या कागदाचा क्रमांक): ‘12 मार्चला फ्रीज घेतला, 28,500 रुपये, बिल निशाणी 1. 3 एप्रिलला कूलिंग बंद, फोनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांकाचा मेसेज निशाणी 2. 9 एप्रिलला मेकॅनिक आला, गॅस भरला, जॉबशीट निशाणी 3. 15 एप्रिलला पुन्हा बंद.’ एका ओळीत एक घटना, तिच्यासमोर तिचा कागद. कागद नसलेली ओळ सामनेवाले पहिल्याच फटक्यात नाकारतात. (आणि जॉबशीटवर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असतं. फ्रीज गार होतोय का ते पाहिल्याशिवाय तिथे सही करायची नाही!)

तक्रारीआधी दुकानदार आणि कंपनी दोघांनाही नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या, पोच जपून ठेवा. दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंट जोडत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. ते बहुतेक जण विसरतात. शेवटी मागणी आकड्यात लिहा: किंमत, व्याज, त्रासापोटी भरपाई, खर्च. 28,500 च्या फ्रीजसाठी 5 लाख मागितले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर चढवा. आयोगाची नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना लेखी जबाबासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पक्कं केलंय. कायद्यात निकालाला 3 महिने म्हटलेत, त्यावर विसंबून कुठलं कर्ज फेडायचं ठरवू नका.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 71 खाली वसुलीचा आणि 72 खाली शिक्षेचा अर्ज करा. 72 मध्ये 1 महिना ते 3 वर्षं कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. त्या अर्जाची नोटीस पोचली की चेक निघायला सहसा वेळ लागत नाही.