वीकेंडला घाटात पळवायला सेकंडहँड स्पोर्टी गाडी घेताय? आधी मेकॅनिक शोधा, गाडी नंतर

पुण्या-मुंबईकडचा माणूस वीकेंड कार म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच प्लॅन असतो, रविवारी पहाटे उजाडायच्या आत निघायचं, ताम्हिणी नाहीतर वरंधा नाहीतर वाईवरून पसरणी चढायचा, कुठेतरी मिसळ हाणायची आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं कारण त्यानंतर सगळं पुणं मुळशीकडे सुटतं आणि मग तुमच्याकडे फेरारी असली तरी ट्रॅव्हलरच्या मागेच चालायचंय. तर गाडी या कामासाठी घ्यायची आहे हे आधी नीट लक्षात ठेवा. एक्स्प्रेसवेवर १०० ची लिमिट, घाटातल्या पट्ट्यात ६० ची, वर कॅमेरे, त्यामुळे ३०० घोड्यांची गाडी घेऊन तिथे काय करणार ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. घाटात मजा येते ती हलक्या गाडीत, चांगलं स्टिअरिंग, चांगले ब्रेक, आणि वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात खेचणारं इंजिन. शंभर-दीडशे पीएस, म्हणजे साधारण तेवढेच घोडे, खूप झाले.

आता मुख्य मुद्दा. लोक आधी गाडी पसंत करतात, टोकन देतात, आणि पहिला चेक लाइट लागला की ग्रुपवर विचारतात "कुणी चांगला मेकॅनिक सांगा". हे उलटं करायचं. तुमच्या गावात, म्हणजे घरापासून तासाभरात पोचता येईल एवढ्या अंतरात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर त्या गाडीचं काम करणारा माणूस आहे का हे आधी शोधा, त्याच्याकडे जा, चहा प्या, आणि सरळ विचारा की या गाडीत काय काय जातं, पार्ट कुठून येतो, किती दिवस लागतात. जो माणूस "काही नाही होत साहेब, घ्या बिनधास्त" म्हणतो तो सोडा. जो पाच मिनिटं नुसत्या कटकटीच सांगतो तो पकडा, आणि त्याला गाडी बघायला बरोबर न्या, त्याची फी द्या, मागेपुढे बघू नका.

मॉडेलकडे येऊ. आपल्याकडे खऱ्या स्पोर्ट्स कार कमीच आल्या, माझदाची मियाता ही दोन सीटची स्पोर्ट्स कार वगैरे कधी अधिकृत विकलीच नाही इथे, त्यामुळे सेकंडहँडमध्ये निवड बहुतेक हॉट हॅच टाइप, म्हणजे छोट्या हॅचबॅकमध्ये दमदार इंजिन बसवलेल्या गाड्यांचीच आहे.

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय सगळ्यात सोपी निवड. २०१३ ला आली, १.२ टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे खेचायची ताकद, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवायला एकदम मस्त, पण या डीएसजीला, ज्याला डीक्यू२०० म्हणतात, ड्राय क्लच आहेत आणि ट्रॅफिकमध्ये रांगत रांगत चाललेल्या गाडीत ते क्लच आणि मेकॅट्रॉनिक नावाचं गिअर बदलणारं युनिट दोन्ही खर्चाला येतात. टेस्ट ड्राइव्हला गाडी चढावर उभी करा, रिव्हर्स टाका, हळूहळू ब्रेक सोडा, थरथर होते का बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरात झटका देते का तेही बघा. मेकॅट्रॉनिक बदललेलं असेल आणि बिल असेल तर ती वाईट बातमी नाही उलट चांगलीच आहे. दुसरं म्हणजे या १.२ ची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी, गाडी रात्रभर उभी असताना सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करायची आणि पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते का ते कान देऊन ऐकायचं. २०२० ला १.० टीएसआय आली, ११० पीएस, मॅन्युअलला सहा गिअर आणि ऑटोमॅटिक घेतली तर साधा टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, डीएसजीची भानगडच नाही. बजेट ताणता येत असेल तर माझं मत सरळ आहे, १.० मॅन्युअल घ्या. पोलो २०२२ ला बंद झाली पण व्हेंटो, रॅपिड यांच्याशी पार्ट जुळतात आणि रस्त्यावर गाड्या ढिगाने आहेत त्यामुळे पार्टची चिंता सध्या तरी नाही.

अबार्थ पुंटो ही मनाची गाडी. २०१५ च्या शेवटाला फियाटने काढली, किंमत दहा लाखाच्या किंचित आत, १.४ टी-जेट इंजिन, १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. त्या स्टिअरिंगसाठीच लोक ही गाडी घेतात, का ते घाटात समजतं. बसायची पोझिशन विचित्र आहे, उंच बसल्यासारखं वाटतं, आणि ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर म्हणजे सोसायटीच्या ओबडधोबड स्पीडब्रेकरला पोट घासू शकतं, टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम तुमच्या सोसायटीच्या गेटमधून आत घेऊन बघा. फियाट इथून गेली, त्यामुळे वर जे मेकॅनिकचं लिहिलं ते इथे शंभर टक्के लागू. इंजिनचे बरेच पार्ट लिनिया टी-जेटशी जुळतात, पण बंपर, हेडलाइट, आतलं प्लास्टिक असलं काही तुटलं तर शोधत बसावं लागतं. म्हणून अबार्थ घेताना इंजिनापेक्षा बॉडी आणि इंटिरिअर जास्त काटेकोरपणे बघा, इंजिन नीट करता येतं. आणि याला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून किमतीतून खर्च कापायचा.

मोठं बजेट असेल तर स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस. २०१७ ची २३० पीएस वाली, दोन लिटर टर्बो, ३५० न्यूटन मीटर, नंतर २०२० ला २४५ वाली फक्त २०० गाड्या आल्या. २३० वालीत डीएसजी ओल्या क्लचचा आहे, सहा गिअरचा, जास्त दणकट, पण त्याचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलायलाच लागतं आणि बरेच लोक टाळतात कारण बिल मोठं येतं. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून कूलंट गळणं हा या इंजिनाचा ठरलेला आजार, टाकीतली लेव्हल बघा आणि गुलाबीसर डाग कुठे वाळलेत का ते टॉर्च मारून बघा. कुटुंबही बसतं डिकीही मोठी, बायकोला पटवायला ही सगळ्यात सोपी. 😄

बाकी तीन दारांची पोलो जीटीआय, बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, मिनी वगैरे थोडक्यात. जीटीआय १९२ पीएसची, भारी आहे पण बाहेरून बनून आली, दारं-काचा पाच दारी पोलोच्या चालत नाहीत. जुनी झेड४ ३५आय किमतीला मोहात पाडते, दोन सीट, टप उघडतो, सहा सिलिंडर, पण हाय प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर हे त्या इंजिनाचे जगजाहीर प्रॉब्लेम आहेत आणि उघडणारा टप बिघडला तर काय होतं ते विचारू नका. चाळीस-पन्नास लाखाची गाडी पंधरा लाखात मिळाली तरी पार्ट चाळीस-पन्नास लाखाच्या गाडीचेच राहतात, ते काही स्वस्त होत नाहीत. आणि बजेट अगदीच कमी असेल तर जुनी फोर्ड फिएस्टा १.६ शोधा, साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, हायड्रॉलिक स्टिअरिंग, चांगली सापडली तर लॉटरी.

गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की स्टार्ट करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम असेल तर समजायचं की थंड स्टार्टला काहीतरी दाखवायचं नाहीये, दुसऱ्या दिवशी परत या म्हणायचं. पावसात बघू नका, ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. पेंट मोजायचं मीटर आता स्वस्त मिळतं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, एखाद्या दारावर ३०० च्या वर गेलं तर पुटी आहे. एखादं दार, बंपर रंगवलेला असेल तर काही नाही, आपल्याकडे बाइकवाले घासून जातातच, पण पिलर म्हणजे छत धरणारे खांब, छत, पुढचा एप्रन म्हणजे बॉनेटखालचा पत्र्याचा सांगाडा, यांना हात लागलेला असेल तर निघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी चिखलाचा डाग किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात बसलेली आहे. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला पूर आला, २०२१ ला परत आला, चेन्नईच्या २०१५ च्या गाड्या तर देशभर पसरल्यात असं मेकॅनिक लोक सांगतात, तर स्टेपनीखालची जागा आणि सीटखालचे बोल्ट गंजलेत का तेही बघून घ्या.

चालवताना मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरात ४० वर पूर्ण अॅक्सिलरेटर द्या, आरपीएम वाढला आणि गाडी नाही वाढली तर क्लच गेलाय. लांब उतारावर पाय काढून सोडा आणि मग एकदम दाबा, आरशात निळा धूर दिसतोय का बघा. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण लॉक करून हळू चालवा, टकटक नको. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. वीकेंड कारमध्ये हा सापळा असतो, गाडी कमी चाललेली असते म्हणून टायरला नक्षी भरपूर दिसते पण रबर वाळून लाकूड झालेलं असतं, आणि घाटात ओल्या वळणावर ते कळतं. पाच-सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर चार नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून मागायचे.

मग रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. स्पोर्टी गाडी घेणारा माणूस ती तशीच ठेवतो असं क्वचित होतं, स्टेज वन म्हणजे पहिल्या पातळीचा रिमॅप, एक्झॉस्ट, एअर फिल्टर काहीतरी केलेलं असतं, आणि विकताना परत स्टॉकला, म्हणजे कंपनीच्या मूळ स्थितीला आणतात. रिमॅप वाईटच असं नाही पण कुठे केला, त्यानंतर किती चालवली, क्लचचं काय झालं हे स्पष्ट सांगणारा मालक पाहिजे. स्कॅनर लावून घ्याच. फोक्सवॅगन-स्कोडात नुसते एरर कोड नाही तर वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये किलोमीटर नोंदलेले सापडू शकतात, मीटर मागे घेतलेला असेल तर तिथे उघडा पडतो. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन हिस्टरी काढा, तिथे टीडी१ असा शेरा असेल तर त्याचा अर्थ कंपनीला रिमॅप समजलेला आहे. मला स्वतःला ३०,००० चाललेल्या आणि बिलं नसलेल्या गाडीपेक्षा ८०,००० चाललेली आणि फाईल भरून बिलं असलेली गाडी कधीही चालेल. जाहिरातीत "डॉक्टरची गाडी, फक्त वीकेंडला चालवलेली" असं लिहिलेलं असतंच, इतक्या डॉक्टरांनी गाड्या विकल्या तर दवाखान्यात चालत जातात की काय.

कागदांचं पटकन सांगतो पण हलक्यात घेऊ नका. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची किंवा राज्याची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात कारण तिकडे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली होती, पण इकडे आणून एमएच पासिंग करायचं म्हणजे रोड टॅक्स परत भरायचा आणि बाहेरून आयात झालेली गाडी असेल तर महाराष्ट्रात टॅक्सचा दर आणखी जास्त आहे, तो हिशोब करा मग स्वस्त किती राहते बघा. १५ वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर आरसी रिन्यूअल, तपासणी, ग्रीन टॅक्स हे पण धरा. चलनं परिवहनच्या अॅपवर बघा, स्पोर्टी गाडीवर ती असतातच. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, आणि एक्झॉस्ट-रिमॅप वगैरे इन्शुरन्सला न सांगता ठेवलं तर क्लेमच्या वेळी ते बोट दाखवतात.

पैशाचं म्हणाल तर बजेटचा पाचवा भाग बाजूला काढून मग गाडी शोधा, दहा असतील तर आठची शोधा. ते दोन पहिल्याच वर्षी जातात. टायर, सगळी ऑइलं, ब्रेक फ्लुइड, बुश, बॅटरी, हे घेतल्या घेतल्या करायचं, मालक काहीही म्हणो. ब्रेक फ्लुइड तर नक्कीच, उभ्या गाडीत ते ओलावा ओढतं आणि घाट उतरताना पेडल मऊ पडतं. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं टाका टर्बोला, आणि आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच येतंय, २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबर पाइप, सील त्या हिशोबाने बनलेले असतीलच असं नाही, तर मेकॅनिककडून फ्युएल लाइन बघून घ्या आणि महिनोन्‌महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नका.

आणि पार्किंग. वीकेंड कार सोमवार ते शुक्रवार उभी असते, आणि उभ्या गाडीत उंदीर शिरतात, वायरिंग कुरतडतात, इन्शुरन्सवाला हात वर करू शकतो. इंजिनखाली जाळी लावून घ्या, आठवड्यात एकदा मधेच वीसेक मिनिटं गाडी फिरवून आणा, नुसती जागेवर स्टार्ट करून बंद नका करू, त्याने बॅटरी भरत नाही. सोसायटीत चार्जिंग पॉइंट जवळ असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर लावा, पावसाळ्यात कव्हर घातलंत तर आतून हवा खेळेल असंच घ्या, प्लास्टिकचं नको.