डेबियन सर्व्हरवर पासवर्ड हॅश: येसक्रिप्ट ठेवायचं की शा-५१२?

सर्व्हर पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्यापासून बनवलेली उलट न फिरवता येणारी खूण, म्हणजे हॅश, ठेवतो. येसक्रिप्ट आणि शा-५१२ या ती बनवण्याच्या दोन पद्धती. नव्या डेबियन लिनक्सवर फार शोधत बसू नका, येसक्रिप्टच राहू द्या. डेबियन ११ पासून (२०२१) तेच डिफॉल्ट आहे. शा-५१२ मोडलेलं नाही, पण त्याला मेमरी नगण्य लागते. त्यामुळे हॅश चोरणारा एका ग्राफिक्स कार्डावर हजारो अंदाज एकदम तपासतो. येसक्रिप्ट दर अंदाजाला १६ एमबी मागतं, तिथे कार्ड अडतं. २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा आर्गॉन-२ या पद्धतीने जिंकली खरी, पण डेबियन १२ च्या क्रिप्ट लायब्ररीत (लॉगिनचे हॅश बनवणाऱ्या भागात) ते नाही. लॉगिनपुरता विषय संपला. बीक्रिप्ट ही आणखी एक पद्धत चालेल, मात्र ते ७२ बाइटांपुढचं वाचत नाही. देवनागरी पासफ्रेज असेल तर २४ चिन्हांतच मर्यादा संपते, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात.

शा-५१२ वर थांबायचं खरं कारण एकच: त्याच शॅडो नोंदी (खात्यांचे हॅश ठेवणाऱ्या शॅडो फाइलमधल्या ओळी) डेबियन १० किंवा अल्पाइन लिनक्सच्या मशीनवरही कॉपी होत असतील तर. तिथे येसक्रिप्ट ओळखलंच जात नाही, पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. अशा वेळी शा-५१२ चे मूळचे ५००० राउंड्स (हॅश बनवतानाच्या फेऱ्या) तरी वाढवा.

बदल करताना रूटचं (मुख्य प्रशासक खात्याचं) दुसरं सेशन उघडं ठेवा. पॅम (लॉगिन आणि पासवर्ड हाताळणारी लिनक्सची व्यवस्था) च्या फोल्डरमधल्या कॉमन-पासवर्ड फाइलची प्रत काढा आणि पॅम-युनिक्स या मॉड्यूलच्या ओळीत पद्धतीचं नाव बदला. नुसतं लॉगिन-डेफ्स या सेटिंग फाइलमध्ये बदलून उपयोग नाही. पासवर्ड बदलणारी कमांड पॅमचं ऐकते. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या मशीनवर ही फाइल हाताने बदललेली असेल, तर शा-५१२ तसंच राहिलेलं सापडेल.

मग चाचणी खात्याचा पासवर्ड बदला आणि शॅडो फाइलमधला दुसरा रकाना बघा. सुरुवातीला दोन डॉलर चिन्हांमध्ये वाय दिसला तर येसक्रिप्ट, ६ दिसला तर शा-५१२.

येसक्रिप्टची कॉस्ट (हॅश किती जड करायचा तो आकडा) मुळात ५ असते. दर पायरीला मेमरी दुप्पट होते. ७ केली तर एका लॉगिनला ६४ एमबी, म्हणजे एकाच वेळी २० जण आले की सव्वा जीबी. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) ५ च बरी.

जुने हॅश आपोआप बदलत नाहीत, पासवर्ड बदलल्यावरच नवे बनतात. पासवर्डची मुदत ठरवणाऱ्या चेज कमांडने शेवटच्या बदलाची तारीख ० केली की पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची सक्ती होते. पण बॅकअपसारख्या स्क्रिप्टच्या खात्यांना हे लावू नका: एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी किल्ली-फाइल) असूनही आधी पासवर्ड बदला असं सांगितलं जातं आणि रात्रीचं काम अडकतं.