भीतीसकट तयारी: जिल्हा तायक्वांदो स्पर्धेला जाण्याआधी

शालेय जिल्हास्तर स्पर्धेचं पत्रक शाळेत लागलं की नाशिकच्या सिडकोपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक क्लासमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "मॅडम, प्रॅक्टिसला सगळं येतं हो, पण मॅटवर गेलं की काही सुचतच नाही." पोरांनो, हे खरं आहे आणि त्याची तयारी करता येते. भीती येणारच, ती घालवण्यात वेळ घालवू नका. मॅटवर उभं राहिल्यावर डोक्याला जितकं कमी ठरवावं लागेल तितकं अंग मोकळं चालतं. म्हणून जे जे आधी ठरवता येईल ते आधीच ठरवून टाकायचं.

सुरुवात कागदपत्रांपासून. शाळेचं ओळखपत्र, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा प्रवेश अर्ज, आधार कार्ड, जन्मदाखला आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, सगळं एका फोल्डरमध्ये आठवडाभर आधी. स्पर्धेच्या सकाळी झेरॉक्सचं दुकान शोधत पळालेलं पोर मॅटवर पोचेपर्यंत अर्धं दमलेलं असतं. हातापायाची नखं आदल्या दिवशी काढा. डोबोक (तायक्वांदोचा गणवेश), बेल्ट, हेडगार्ड, चेस्टगार्ड, हातापायाचे गार्ड बॅगेत भरलेत का ते स्वतः बघा, आईवर सोडू नका. माउथगार्ड नवा असेल तर आत्तापासून रोज तोंडात घालून सराव करा. सवय नसलेल्या माउथगार्डने श्वास कोंडल्यासारखा वाटतो, छाती आधीच धडधडत असते, आणि पहिल्याच मिनिटात पोराला वाटतं आपला दम संपला. तो संपलेला नसतो.

वजनाचंही आजच ठरवा. गटाच्या काठावर असाल तर वरच्या गटात खेळा. दोन दिवस उपाशी राहून, जॅकेट घालून पळून, पाणी तोडून वजन उतरवायचं नाही. वाढत्या वयात ते मला अजिबात मान्य नाही. आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात ठोके तसेही वाढतात, चक्कर येते, मग ती भीती की अशक्तपणा हेच कळत नाही.

आता मुख्य काम. शेवटच्या दोन आठवड्यांत नवी किक शिकायची नाही. जे येतं तेच अवघड परिस्थितीत करून बघायचं. हे क्लास घेणाऱ्यांसाठी: दुसऱ्या क्लासच्या सरांशी बोलून त्यांची पोरं बोलवा, कारण रोजच्या मित्राशी लढताना भीती वाटतच नाही. आई-बाबांना खुर्च्यांवर बसवा, त्यांना मोबाइलवर शूटिंग करू द्या. स्पीकरवर ढोल लावा. नाशिकचा ढोल काय गोंगाट करतो ते तुम्हाला सांगायला नको, त्यात सरांची हाक ऐकू येते का ते बघा. आणि यातला सर्वांत महत्त्वाचा भाग थांबण्याचा. स्पर्धेत लढण्यापेक्षा वाट बघणं कितीतरी जास्त असतं. वॉर्मअप झाला की पोरांना बाजूला बसवून ठेवा, कधी अर्धा तास, कधी तासभर, आणि मग अचानक नाव पुकारा. गार पडलेलं अंग पाच मिनिटांत पुन्हा कसं तापवायचं हे तिथे शिकायला मिळतं: जागच्या जागी उड्या, गुडघे वर, हळू किकपासून जोरात किकपर्यंत, शेवटी दोन-तीन वेळा पूर्ण वेगाने. हा क्रम पाठ असला पाहिजे.

पुमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम एकट्याने करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. क्लासमध्ये आपण कायम आरशाकडे तोंड करून तेगुक (पुमसेचे ठरलेले क्रम) करतो. नव्या हॉलमध्ये आरसा नसतो, भिंत वेगळी, पंच समोर, आणि वळताना पोर गोंधळतं: डावीकडे वळायचं की उजवीकडे? पायऱ्या पाठ असतात, पण त्या खोलीच्या खुणांना बांधलेल्या असतात. म्हणून रोज दिशा बदला. आज खिडकीकडे, उद्या दाराकडे, परवा गच्चीवर, एकदा डोळे मिटून. आणि मधूनच सुरू करायला शिका. मी म्हणेन "तिसऱ्या वळणापासून", तर तिथूनच करता आलं पाहिजे. मग मध्येच विसरलात तरी पुढचा धागा सापडतो.

फाइटसाठी पहिले दहा सेकंद आधीच ठरलेले हवेत. पंच "सिजाक" (सुरू करा) म्हणाले की घाबरलेलं पोर दोनपैकी एक करतं: डोळे मिटल्यासारखं धावून जातं, नाहीतर खांबासारखं थिजतं. तुमचं ठरलेलं असेल तर दोन्ही होत नाही. पुढचा पाय उचलून हूल, अर्धं पाऊल मागे, समोरचा आत आला की पोटावर राउंडहाऊस (बाजूने फिरवून मारलेली किक), आणि लगेच बाजूला. इतकं साधं पुरे. गुण लक्षात असू द्या: चेस्टगार्डवर ठोसा लागला तर १, किक लागली तर २, डोक्यावर किक ३, गिरकी घेऊन पोटावर ४ आणि गिरकी घेऊन डोक्यावर ५. पहिल्याच क्षणी पाचच्या मागे लागू नका. दोनचा एक चांगला गुण मिळाला की अंग आपोआप सैल होतं. मोठ्यांच्या सामन्यात २-२ मिनिटांच्या ३ फेऱ्या आणि मध्ये १ मिनिट विश्रांती असते, दोन फेऱ्या जिंकणारा जिंकतो. तुमच्या गटात वेळ किती ते आयोजकांकडून आधीच विचारून घ्या, आणि सराव तेवढ्याच वेळाचा करा.

श्वासाचा सराव आजपासून, झोपताना. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत तोंडाने बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर सोडणं लांबलं की ठोके हळू होतात, ही शरीराची रचनाच आहे. पण स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा करून काही मिळणार नाही, आधी सवय हवी. मॅटवर मात्र मोजायला वेळ नसतो, तिथे किहाप आहे, म्हणजे किक मारताना द्यायची आरोळी. घाबरलेलं पोर श्वास धरून ठेवतं, खांदे कानाला लागतात, किक अर्ध्यावर थांबते. पोटातून मोकळा किहाप दिला की अडकलेली हवा बाहेर पडते आणि पुढचा श्वास आपसूक आत येतो. लाजत, घशातल्या घशात दिलेल्या किहापने हे होत नाही.

एक छोटी युक्तीही करून बघा. जर्मन संशोधकांनी फुटबॉल, तायक्वांदो आणि बॅडमिंटनच्या उजव्या हाताच्या खेळाडूंवर प्रयोग केले होते, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. दडपणाखाली खेळण्याआधी ज्यांनी डाव्या मुठीत मऊ चेंडू दाबला त्यांचा खेळ ढासळला नाही, उजव्या मुठीत दाबणाऱ्यांचा ढासळला. मुरलेली हालचाल करताना "पाय असा उचलू की तसा" असं स्वतःशी बोलत राहिलं की ती बिघडते, आणि डावी मूठ दाबल्याने ही बडबड कमी होत असावी असं त्यांचं म्हणणं. मोजक्या खेळाडूंवरचे प्रयोग होते, त्यामुळे हमी नाही. पण स्पंजचा चेंडू बॅगेत ठेवायला काय जातं?

आदल्या दिवशी संध्याकाळी जागा बघून या. हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे स्टेडियमवर असेल तर आत कुठून जायचं, वजन कुठे होणार, बाथरूम कुठे, बसायची जागा कुठे हे डोळ्यांखालून घाला. नाशिकरोडहून येणाऱ्यांनी द्वारका चौकातली गर्दी धरून निघा आणि तासभर आधी पोचा. खाण्यात प्रयोग नको. सकाळी पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी, सोबत केळं, आणि पाणी घोट घोट. रविवार असला तरी मिसळ फाइटनंतर. नवरात्रात तारीख आली आणि उपवास असेल तर घरी बोलून आधीच ठरवा. साबुदाण्याची खिचडी जड पडते आणि निव्वळ चहावर लढता येत नाही.

पुकारा व्हायच्या आधी हात गार पडतील, तोंड कोरडं होईल, पोटात कालवेल, दर दहा मिनिटांनी बाथरूमला जावंसं वाटेल. काहींना जांभया येतात. शरीर रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळवत असतं, लढायची तयारी करत असतं. समोरच्यालाही हेच होतंय. स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणत बसू नका. "अंग तयार होतंय" म्हणा, ते खरंही आहे.

आई-बाबांना विनंती. त्या दिवशी कोचिंग फक्त एकाच माणसाचं. गॅलरीतून "मार ना, मार!" ओरडलं की पोर मॅटवरून वर बघतं, आणि तेवढ्यात किक बसते. गाडीत मागच्या वर्षीच्या निकालाचा विषय नको, मावशीच्या मुलाच्या मेडलचा तर नकोच. आणि एखादं मूल आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, उलट्या करत असेल, क्लासलाच यायला नको म्हणत असेल तर ही यादी बाजूला ठेवा, स्पर्धा पुढच्या वर्षी होईल. मुलांच्या समुपदेशकांना भेटा.

पहिली फाइट हरलात आणि पुमसे उद्या आहे, असं होऊ शकतं. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक जिंकला. मधली रात्र जपायची असते. हरल्यावर दहा मिनिटं रडा, कोणी अडवणार नाही. मग ओला डोबोक बदला, पोटभर जेवा, फाइटचा व्हिडिओ त्या रात्री बघू नका, मोबाइल आईकडे द्या. पुढच्या क्लासला येताना वहीत दोनच ओळी लिहून आणा: पहिले दहा सेकंद ठरल्याप्रमाणे झाले का, आणि श्वास कुठे अडकला. निकाल मला माहीत असतो, तो लिहू नका. त्या दोन ओळींवरून आपण पुढच्या महिन्याचा सराव ठरवू.