लसूणघासावर तांबेरा: फवारणीऐवजी विळा

घास कापताना तळहाताला तपकिरी पूड लागली. पान उलटून पाहिलं तर खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस फोड, नखाने खरवडलं की भुकटी. तांबेराच, पानांवरचा बुरशीचा रोग! दुकानदाराने लगेच बुरशीनाशकाची बाटली पुढे केली. पण हाच घास परवा गाईच्या दावणीत जाणार, म्हणून नको म्हटलं. एरवी २५-३० दिवसांनी कापतो, या वेळी पानं गळायच्या आत विसाव्या दिवशीच सगळा प्लॉट जमिनीलगत कापून बाहेर काढला. (दरवेळी असं लवकर कापू नका, मुळं थकतात.) तुषार संच संध्याकाळी चालवायचो, तो सकाळी सुरू केला, पानं दिवसा वाळतात, रात्रभर ओली राहत नाहीत. नवी फूट स्वच्छ आली. फक्त बांधावरच्या आंब्याच्या सावलीतल्या दोन वाफ्यांत अजून ठिपके दिसतात.